जुन्या ट्रॅक्टरचे ऑईल किती तासांनी बदलाल?

कारखान्याचे बॉयलर पेटायच्या आधी आपल्या सोलापूर जिल्ह्यात ट्रॅक्टरची डागडुजी सुरू होते. टायर बघितले जातात, ट्रॉलीचे पाटे बघितले जातात, मुकादमाला उचल दिली जाते. सगळ्यात शेवटी, बाजारातून परत येता येता, ऑईलचा डबा घेतला जातो. अलीकडे दुकानदार दोन डबे पुढे ठेवतो. एक नेहमीचा आणि दुसरा दुप्पट-अडीचपट किमतीचा, 'सिंथेटिक'. 'हे टाका मालक, हंगामभर परत बघायला नको,' असे वर सांगतो. आजचा लेख या 'परत बघायला नको' बद्दल आहे.

हा विषय माझ्याकडे कसा आला ते आधी सांगतो, कारण त्यात माझाही वाटा आहे. मोहोळ तालुक्यातल्या एका गावात ठिबकचे शिबिर होते. शिबिर संपल्यावर चहा घेताना एका वयस्कर शेतकऱ्याने विचारले, "साहेब, ते सिंथेटिक ऑईल जुन्या ट्रॅक्टरला चालतंय का?" मी म्हणालो, "चालतं की तात्या. चांगलंच असतं." एवढे बोलून मी फटफटीला किक मारली. ते किती तासांनी बदलणार, हे मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही.

ट्रॅक्टर वीस वर्षांचा, जुना घेतलेला. दोन ट्रॉल्या लावून ऊस वाहतुकीला होता. दिवाळीत तात्यांनी महागाचे ऑईल भरले आणि निर्धास्त झाले. मधे मधे पट्टी बघून कमी पडेल तसे वरून टाकत राहिले. जानेवारी सरता सरता कारखान्याच्या यार्डात, भरल्या ट्रॉल्यांसह, इंजिन जाम झाले. मेस्त्रीने चेंबर उतरवला तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो होतो. तळाला बोटभर काळा गाळ बसला होता, डांबरासारखा. बेअरिंग घासून तांबूस झाले होते, क्रँकवर नखाला लागतील अशा रेघा होत्या. एअर क्लीनरकडून इंजिनात जाणारी रबरी नळीही चिरलेली निघाली. म्हणजे इंजिन धूळ खात होते आणि ती धूळ ऑईलमध्ये साठत होती.

इंजिन बांधायचा खर्च एकीकडे, आणि टोळी दिलेली असताना ट्रॅक्टर उभा राहिला तो तोटा दुसरीकडे. ऊस वाहण्यासाठी भाड्याने दुसरा ट्रॅक्टर लावावा लागला. बँकेचा हप्ता थांबत नाही, तो थांबला नाही. तात्या मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्हीच म्हणाला होता, चांगलं असतंय." त्यानंतर मी ट्रॅक्टर कंपन्यांची पुस्तके काढून बसलो. पदविकेला शेती अवजारे हा विषय होता, पण परीक्षा झाली की आपण सगळेच विसरतो.

ऑईल बिघडते ते कशाने?

ऑईल दोन तऱ्हेने बिघडते. एक म्हणजे ते स्वतः तापून तापून जाड होते, त्याचा चिकटा होतो. दुसरे म्हणजे त्यात बाहेरची घाण मिसळते. डिझेल जळताना होणारी काजळी, हवेतली धूळ, न जळलेले डिझेल, पाण्याची वाफ आणि घासलेल्या लोखंडाचा कीस ही ती घाण.

सिंथेटिक ऑईलचा गुण पहिल्या बाबतीत आहे. त्याचे मूळ तेल जास्त शुद्ध केलेले किंवा रासायनिक क्रियेने बनवलेले असते. उष्णता ते जास्त सोसते, थंडीत लवकर वर चढते आणि टर्बो असलेल्या इंजिनात त्याचा फायदा दिसतो. यात खोटे काही नाही. पण दुसऱ्या बाबतीत, म्हणजे घाणीच्या बाबतीत, सिंथेटिक काय आणि साधे काय! काजळी पडायची ती पडतेच. चिरलेल्या नळीतून येणारी माती डबा किती रुपयांचा होता हे विचारत नाही. आणि जुन्या इंजिनात ऑईल बिघडते ते बहुतेक या दुसऱ्या कारणाने. रिंगा आणि लायनर झिजले की जळालेला वायू खाली चेंबरमध्ये उतरतो. इंजेक्टर थेंब थेंब गळू लागला की डिझेल ऑईलमध्ये येते. नवीन गाडीत सिंथेटिक जास्त दिवस चालते हे बरोबर आहे. तो हिशेब झिजलेल्या इंजिनाला लावणे मात्र चूक आहे.

म्हणून सरळ सांगतो. जुन्या ट्रॅक्टरमध्ये सिंथेटिक टाका अगर साधे टाका, बदलायचा तास तोच, जो ट्रॅक्टरच्या पुस्तकात लिहिला आहे. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या ट्रॅक्टरच्या पुस्तकात तो २५० तास असतो. काही मॉडेलना कमी, काही नव्या मॉडेलना जास्त, त्यामुळे आपले पुस्तक बघावे. नवीन किंवा नुकत्याच बांधलेल्या इंजिनाचे पहिले ऑईल मात्र फार लवकर, साधारण ५० तासांनी बदलतात, कारण नव्या भागांचा कीस त्यात उतरतो. धुरळ्यात चालणाऱ्या, धूर टाकणाऱ्या, ऑईल खाणाऱ्या इंजिनाला मी २५० च्या जागी २०० सांगतो. हा माझा अंदाज आहे, कंपनीचा आकडा नव्हे. पण इंजिन बांधण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

आता तात्यांचा हिशेब करून बघा. दिवसाला १२ तास धरले तर २५० तास एकवीस दिवसांत संपतात. दिवाळी ते जानेवारीअखेर नव्वद दिवस धरले तर हजार तासांच्या वर झाले. चार वेळा बदलायचे ऑईल एकदाही बदलले गेले नाही. याउलट पाच एकरवाला शेतकरी. नांगरट, रोटाव्हेटर, चार भाड्याची कामे, थोडी मळणी मिळून वर्षाला २५० तास होतात न होतात. दोघांनाही 'सहा महिन्यांनी बदला' असे सांगितले तर एकाचे इंजिन जाते आणि दुसऱ्याचे पैसे. महिने बघू नका, तास बघा. फक्त वर्षात तास भरलेच नाहीत तरी वर्षातून एकदा ऑईल बदला. उभ्या इंजिनात ओल धरते आणि ऑईलमधली आम्ले बेअरिंग खात बसतात.

मीटर बंद आहे, मग तास कसे मोजायचे?

हा प्रश्न दर शिबिरात येतो. दहातल्या किती ट्रॅक्टरचे मीटर चालू असते ते तुम्हालाच माहीत! त्यातही एक गोम आहे. जुन्या ट्रॅक्टरचे यांत्रिक मीटर घड्याळाचे तास दाखवत नाही, ते इंजिनाच्या फेऱ्या मोजते. पुस्तकात दिलेल्या ठरावीक फेऱ्यांवर इंजिन चालले तरच मीटरचा एक तास घड्याळाच्या तासाएवढा भरतो. आयडलवर इंजिन घुरघुरत ठेवले तर घड्याळाचा तास होऊन जातो, पण मीटर निम्म्याहूनही कमी सरकते.

कारखान्याच्या यार्डात नेमके हेच होते. काट्यावर नंबर लागेपर्यंत ट्रॅक्टर तासन् तास रांगेत उभा, इंजिन चालूच. का, तर बॅटरी उतरलेली असते आणि बंद केले तर परत सुरू होईल याची खात्री नसते. पण कमी फेऱ्यांवर इंजिन थंड राहते, डिझेल पुरते जळत नाही, काजळी आणि कच्चे डिझेल ऑईलमध्ये उतरते. म्हणजे मीटर सांगते काम झाले नाही आणि ऑईल मात्र खराब झालेले असते. नव्या बॅटरीचे पैसे द्यायला आपण कुरकुरतो, त्याहून जास्त डिझेल रांगेत जळते ते मोजत नाही. माझे म्हणणे असे की ऊस वाहतुकीच्या ट्रॅक्टरला घड्याळाचेच तास धरावेत. मीटर बंद असेल तर डिझेलवरून हिशेब ठेवा. आपला ट्रॅक्टर तासाला सरासरी किती डिझेल पितो हे मालकाला माहीत असते. समजा चार लिटर पितो, तर हजार लिटर डिझेल जळाले की २५० तास झाले. पंपाच्या पावत्या खिळ्याला टोचून ठेवल्या तरी पुरे. वही ठेवली तर उत्तमच. ड्रायव्हर पगारी असेल तर वही मालकाने स्वतः लिहावी, हे अनुभवाने सांगतो.

काळे ऑईल आणि वाढलेले ऑईल

पुष्कळजण पट्टी बाहेर काढतात, बोटाने चोळतात आणि म्हणतात, 'अजून चांगलं आहे,' किंवा 'काळं पडलं, बदला.' डिझेल इंजिनात रंगावर जाऊ नका. नवे ऑईल टाकल्यावर दोन-चार तासांत ते काळे पडते. त्याचा अर्थ ऑईल आपले काम करते आहे, काजळी उचलून स्वतःत तरंगत ठेवते आहे. चिंता तेव्हा करायची जेव्हा ते काजळी धरून ठेवायचे सोडते आणि गाळ खाली बसू लागतो. ते रंगावरून कळत नाही.

घरगुती परीक्षा करायची असेल तर पांढऱ्या टीपकागदावर पट्टीवरचा एक थेंब सोडा आणि रात्रभर राहू द्या. काळेपणा मधून कडेपर्यंत सारखा पसरत फिका होत गेला तर ऑईलमध्ये अजून दम आहे. मधोमध डांबरी ठिपका, त्याला स्पष्ट कडा आणि बाहेर नुसते पिवळे तेल असे दिसले, तर तास भरले नसले तरी बदला. ही ढोबळ परीक्षा आहे, प्रयोगशाळेची नव्हे. पुस्तकातल्या तासांपुढे ऑईल चालवायचा भरवसा प्रयोगशाळेची तपासणीच देते. मोठ्या वाहतूकदारांना ती परवडते, एका ट्रॅक्टरला तिचा खर्च परवडत नाही.

सकाळी, ट्रॅक्टर सपाट जागेवर असताना, सुरू करायच्या आधी पट्टी बघावी. ऑईल दोन खुणांच्या मध्ये असावे. कमी झाले तर आपल्या लक्षात येते. पण वाढले तर? एका शेतकऱ्याने मला आनंदाने सांगितले होते, "साहेब, आमचा ट्रॅक्टर ऑईल खात तर नाहीच, उलट चार बोटं वाढतंय!" ऑईल वाढते म्हणजे त्यात डिझेल किंवा पाणी येते आहे. वास घ्या. डिझेलचा वास आला आणि ऑईल पातळ लागले तर इंजेक्टर आणि डिझेल पंप बघा. ऑईल दुधाळ, ताकासारखे दिसले तर रेडिएटरचे पाणी येते आहे, हेड गॅसकेट किंवा लायनरचे रबर गेले असेल. अशा वेळी एक खेपसुद्धा मारू नका. ऑईल बदलून भागत नाही, दोष काढूनच बदलावे लागते. खुणेच्या वर ऑईल भरणेही वाईट. क्रँक त्यात घुसळते, फेस होतो आणि फेसाने बेअरिंगला वंगण मिळत नाही.

वरून टाकलेले ऑईल म्हणजे बदललेले ऑईल नव्हे, हेही इथेच सांगतो. तात्यांची पहिली चूक तीच होती. घागरीतले गढूळ पाणी वरून स्वच्छ पाणी ओतून स्वच्छ होत नाही.

मग सिंथेटिक घ्यायचे की नाही?

माझ्याकडे जुना, टर्बो नसलेला, थोडा धूर टाकणारा ट्रॅक्टर असता तर मी घेतले नसते. त्या पैशात साधे चांगले ऑईल दोनदा बदलून होते आणि प्रत्येक बदलात घाण बाहेर जाते. इंजिन ऑईल खात असेल तर महागाचे ऑईल धुरांड्यातून जाळण्यात काय अर्थ? ज्यांचे इंजिन धडधाकट आहे, टर्बो आहे आणि ज्यांना वेळेवर बदलायची सवय आहे, त्यांनी जरूर घ्यावे.

डब्यावर 'सिंथेटिक' या शब्दापेक्षा दोन गोष्टी वाचा. पहिली जाडी. १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४०, जी पुस्तकात असेल ती. नव्या मोटारींचे ५डब्ल्यू-३० सारखे पातळ ऑईल झिजलेल्या इंजिनात घातले तर गरम झाल्यावर ऑईल प्रेशरची सुई खाली येते. दुसरी गोष्ट दर्जा. डिझेल इंजिनाच्या ऑईलवर सीएफ-४, सीएच-४, सीआय-४ अशी इंग्रजी 'सी'ने सुरू होणारी अक्षरे असतात. 'एस'ने सुरू होणारी पेट्रोलची. पुस्तकातला दर्जा बाजारात मिळत नसेल तर त्याच्या वरचा घ्यावा, खालचा नको. आणि गिअर, हायड्रॉलिक व ऑईलमध्ये बुडालेल्या ब्रेकचे ऑईल वेगळे असते, ते इंजिनात किंवा इंजिनाचे तिकडे घालू नये.

काही मेस्त्री सांगतात, सिंथेटिकने जुनी ऑईल सील गळतात. आजची ऑईल सील खराब करत नाहीत. पण जुन्या, कडक झालेल्या सीलच्या फटीत साठलेला चिकटा नव्या ऑईलने धुऊन निघतो आणि मुळात असलेली गळती दिसू लागते. साधे आणि सिंथेटिक एकत्र झाले तर इंजिन बिघडत नाही, फक्त महागाच्या ऑईलचा गुण पातळ होतो.

एक प्रश्न जाणकार शेतकरी विचारतात तो बरोबर आहे. 'पुस्तक जुने आहे, तेव्हाचे डिझेल वेगळे होते ना?' होय. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या डिझेलमध्ये गंधक एक टक्क्यापर्यंत असायचे. ते जळून आम्ल व्हायचे आणि ऑईलमधला आम्लनाशक क्षार लवकर संपायचा. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत १० वर आले. आम्लाचा त्रास त्याने पुष्कळ कमी झाला. पण काजळी, धूळ आणि इंजेक्टरची गळती यांना गंधकाशी देणेघेणे नाही, म्हणून जुन्या इंजिनाचे तास वाढवायला मी तयार नाही.

ऑईल बदलताना इंजिन थोडे चालवून कोमट करावे, म्हणजे गाळ ऑईलबरोबर वाहून येतो. ड्रेन नट काढल्यावर घाई न करता थेंब थांबेपर्यंत गळू द्यावे. फिल्टर दर वेळी नवा टाका. 'एक सोडून एक वेळ' ही काटकसर खोटी आहे. फिल्टर तुंबला की त्यातली झडप उघडते आणि न गाळलेले ऑईल सरळ बेअरिंगकडे जाते. ऑईलच्या वाटीचा एअर क्लीनर असेल तर मळणीच्या किंवा रोटाव्हेटरच्या दिवसांत वाटी रोज उघडून बघा. तळाला गाळ साठला असेल तर धुऊन नवे ऑईल घाला. नळी आणि क्लिप हाताने चाचपा. ऑईल वाचवायचा खरा मार्ग इथून जातो. आणि रिकामा डबा भंगारात देण्याआधी त्याला खिळ्याने भोक पाडा, म्हणजे त्यात कुणी नकली माल भरून विकणार नाही.

ग्रामसेवक, तलाठी आणि माझ्यासारख्या फिरतीवरच्या मंडळींच्या मोटारसायकलबद्दल थोडेसे. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिनाच्याच ऑईलमध्ये बुडालेला असतो. एकदा घाईत मित्राने माझ्या गाडीत मोटारीचे उरलेले सिंथेटिक ओतले. आठवड्यात क्लच घसरायला लागला, चढावर गाडी नुसती ओरडायची. मोटारसायकलच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' असे लिहिलेले असावे. लिटरभर ऑईल असते, तेही जुनी गाडी थोडे खाते, म्हणून दर आठवड्याला पट्टी बघावी. कार्यालयाच्या जुन्या जीपला किलोमीटरचा आकडा पुस्तकातला धरा, लॉगबुकात ऑईलची नोंद लाल शाईने करा. जीप गावातल्या गावात दोन-दोन किलोमीटर फिरत असेल तर थंडीत ऑईलच्या झाकणाखाली पिवळसर साय दिसते. ती वाफेची असते. अशा गाडीचे ऑईल किलोमीटर भरायची वाट न बघता बदलावे.

राहिला प्रश्न जळक्या ऑईलचा. पट्ट्या-दांड्यांना वाळवी लागू नये म्हणून ते फासतात, रस्त्यावर धुरळा बसावा म्हणून ओततात, आणि सगळ्यात वाईट म्हणजे जनावरांच्या खरजेवर लावतात. त्यात जड धातू आणि कर्करोगाला कारण होणारी द्रव्ये असतात. जनावर अंग चाटते आणि ते पोटात जाते. गोचीड-खरजेला पशुवैद्यकीय दवाखान्यात औषध मिळते, तिकडे जा. विहिरीच्या काठावर, ओढ्यात तर ते चुकूनही सोडू नका. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेले ऑईल मोडते, ते नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्यांकडेच जायला हवे. एकट्याकडे पाच-सात लिटर जमते, त्यासाठी कोण येणार, हे खरे आहे. गावातल्या चार-पाच ट्रॅक्टरवाल्यांनी एक पिंप ठेवले आणि अधिकृतरीत्या ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजशी बोलून ठेवले तर जमते. ग्रामसेवकांनी यात पुढाकार घेतला तर अजून सोपे.

तात्यांचा ट्रॅक्टर पाडव्याला परत सुरू झाला. बांधलेल्या इंजिनाचे पहिले ऑईल ५० तासांनी बदलायचे म्हणून त्यांनी मला फोन करून बोलावून घेतले. मीटर अजून बंदच आहे, पण पंपाच्या पावत्या आता टूलबॉक्समध्ये रबर लावून ठेवलेल्या असतात. ज्यांच्याकडे ट्रॅक्टरचे पुस्तक हरवले आहे त्यांनी इंजिनावरच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर कागदावर उतरवून विक्रेत्याकडे न्यावा, ऑईल किती लिटर, कोणत्या जाडीचे आणि किती तासांनी हे तिन्ही विचारून घ्यावे, आणि दुकानात जाताना तो कागद खिशात ठेवावा.